कापूस अडला, तरी इंग्लंड लढाईत उतरलं नाही: १८६१-६५ चं एक प्रकरण

‘तटस्थ देश युद्धात का उतरतो’ हा प्रश्न अकरावी-बारावीच्या मुलांपुढे ठेवला की पाठ केलेलं उत्तर लगेच येतं. युती, साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, साराजेव्होची हत्या. मुलं हे लिहितात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. म्हणून हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी हा विषय दुसऱ्या टोकाकडून घेतो. जो देश युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभा होता, ज्याच्याकडे उतरायला सबळ कारणं होती आणि तरीही जो उतरला नाही, त्याला आधी तपासायचं. अमेरिकेच्या यादवी युद्धातलं ब्रिटन हे तसं प्रकरण आहे. त्यात आपल्या वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस आहे, हे कळलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

युद्ध कशावरून पेटलं

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले. डिसेंबरात साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं आणि पुढच्या काही महिन्यांत अशी अकरा राज्यं झाली. १२ एप्रिल १८६१ ला दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट सम्टरवर मारा केला. हे झालं निमित्त. मूळ कारण गुलामगिरी होतं, आणि हे मी वर्गात अडखळत सांगत नाही. राज्यांचे हक्क, आयातकर, उत्तर-दक्षिणेचा वेगळा स्वभाव अशी कारणं पुष्कळदा पुढे केली जातात. पण मिसिसिपी राज्याने फुटून निघताना जो जाहीरनामा काढला, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती. त्यांतले फार मोठ्या संख्येने कापसाच्या शेतांवर राबत होते. लिंकन त्या वेळी दक्षिणेतली गुलामगिरी मोडायला निघाले नव्हते. ती नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मळेवाल्यांना बिथरायला तेवढंही पुरेसं होतं. जे पसरत नाही ते आज ना उद्या संपणार, असा हिशेब त्यांनी केला.

दक्षिणेचा डाव

१८५८ मध्ये साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी भर सभागृहात सांगितलं होतं की जगात कापसाशी युद्ध करायची कुणाची हिंमत नाही, कापूस हा राजा आहे. यात पोकळ बढाई नव्हती. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. लाखो कामगारांचं पोट त्यावर होतं. तेव्हा दक्षिणेचा हिशेब असा होता: कापूस अडवा, गिरण्या बंद पाडा, मग इंग्लंडचं आरमार येऊन दक्षिणेच्या बंदरांभोवतीची उत्तरेची नाकेबंदी मोडून काढेल.

या टप्प्यावर मी वर्गाला विचारतो, पुढे काय झालं असेल? पऱ्हाटीच्या घरची मुलं आहेत, उत्तर ठरलेलं असतं. एक मुलगा म्हणाला होता, “सर, कापूसच नाई आला तं गिरण्या बंद पडतीन, लोकं उपाशी मरतीन. मंग इंग्रज लढाईत उतरनच ना!” दक्षिणेचे मुत्सद्दी नेमकं हेच म्हणत होते.

१८६१ चं पीक निघालं तेव्हा दक्षिणेच्या सरकारने कायद्याने निर्यातबंदी केली नाही, पण मळेवाल्यांनी आणि गावोगावच्या समित्यांनी मिळून माल दाबून ठेवला. पुष्कळ ठिकाणी गाठी जाळल्याही. दाबून ठेवण्याचा हा खेळ आमच्या गावांना चांगला ठाऊक आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी भाव उतरल्यावर कितीतरी घरांनी कापूस विकलाच नाही. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, माणसं पडवीत झोपलेली, लहान पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि बाजार काही वर चढेना. माल दाबून ठेवणाऱ्याची ताकद घेणाऱ्याच्या गोदामात किती माल पडलाय यावर ठरते. १८६१ मध्ये लिव्हरपूलची गोदामं भरलेली होती. आधीच्या दोन वर्षांत अमेरिकेत कापूस भरमसाट पिकला होता आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांकडे न खपलेल्या कापडाचेही साठे होते. उत्तरेची नाकेबंदी त्या पहिल्या वर्षी बरीच विरळ होती. तेव्हाच माल बाहेर काढून त्या पैशात बंदुका आणि जहाजं घेतली असती, तर दक्षिणेची लढाई निराळी झाली असती. त्यांनी वाट पाहिली.

तटस्थता म्हणजे गप्प बसणं नव्हे

१३ मे १८६१ ला राणी व्हिक्टोरियाच्या नावाने तटस्थतेची घोषणा निघाली. मुलांना तटस्थ म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असं वाटतं. ही घोषणा वाचली की चित्र बदलतं. तिने दक्षिणेला ‘युद्धमान पक्ष’ मानलं, म्हणजे त्यांची जहाजं चाच्यांची ठरणार नव्हती, त्यांना कर्ज उभारता येणार होतं. उत्तर यावर संतापली, कारण त्यांच्या लेखी हे घरातलं बंड होतं. पण त्याच घोषणेने ब्रिटिश प्रजेला दोन्ही सैन्यांत भरती व्हायला मनाई केली, आणि ब्रिटनने उत्तरेची नाकेबंदीही कायदेशीर म्हणून चालू दिली. यात ब्रिटनचा स्वतःचा स्वार्थ होता. उद्या आपल्याला कुणाची नाकेबंदी करायची वेळ आली तर आज मोडलेला नियम आपल्याच अंगावर येईल, हे जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराला कळत होतं.

पहिला खरा धोका कापसाने आणला नाही, तो मानापमानाने आणला. ८ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेचा कॅप्टन चार्ल्स विल्क्स याने ‘ट्रेंट’ ही ब्रिटिश टपालबोट भर समुद्रात अडवली आणि मेसन व स्लायडेल हे दक्षिणेचे दोन राजदूत तिच्यावरून उतरवून नेले. लंडनमध्ये आग भडकली. सुमारे ११ हजार सैनिक कॅनडाकडे निघाले. सोऱ्याची निर्यात थांबवली गेली. बंदुकीची दारू सोऱ्याशिवाय बनत नाही आणि तो जगाला पुरवला जाई हिंदुस्थानातून, मुख्यतः बिहार-बंगालकडून. आजारी प्रिन्स अल्बर्टने निषेधाच्या खलित्यातली भाषा मऊ केली, अमेरिकेला माघारीची वाट ठेवली, आणि डिसेंबरअखेर लिंकन सरकारने दोघांना सोडायचं ठरवलं. पोटाला चिमटा बसला की सरकारं हिशेब करत बसतात. झेंड्याला हात लागला की सैन्य जहाजावर चढवतात. पुढच्या सगळ्या तटस्थ देशांकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला मी मुलांना सांगतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर १८६२

या प्रकरणाचा गाभा या तीन महिन्यांत आहे. ऑगस्टअखेर बुल रनच्या दुसऱ्या लढाईत दक्षिणेने उत्तरेला पिटाळलं आणि दक्षिणेचा सेनापती ली उत्तरेच्या ताब्यातल्या मेरीलँडमध्ये शिरला. इकडे लँकेशायरमध्ये आता खरंच हाल सुरू झाले होते. वर्षअखेरीला सुमारे पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. सरकारी कामावर खडी फोडणारे विणकर, गहाण पडलेली अंथरुणं, शिवणवर्गात बसवलेल्या गिरणीतल्या मुली.

१४ सप्टेंबरला पंतप्रधान पामरस्टन यांनी परराष्ट्रमंत्री रसेल यांना लिहिलं, त्याचा आशय असा: वॉशिंग्टन किंवा बाल्टिमोर दक्षिणेच्या हाती पडलं तर फ्रान्सला सोबत घेऊन दोघांत तडजोड सुचवायची वेळ येईल का? रसेल यांनी १७ तारखेला होकार कळवला, आणि उत्तरेने नकार दिला तर दक्षिणेला राष्ट्र म्हणून मान्यता द्यावी असंही सुचवलं. नेमक्या त्याच १७ सप्टेंबरला अँटीटमच्या ओढ्याकाठी ली अडवला गेला. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. उत्तरेचा तो निर्विवाद विजय नव्हता, पण ली मागे फिरला. बातमी लंडनला पोचल्यावर पामरस्टन यांचा सूर बदलला: थोडं थांबू, कोण जिंकतंय ते दिसू दे.

पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, लिंकननी जाहीर केलं की १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त समजले जातील. ब्रिटनने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने मोडली होती. आता दक्षिणेच्या बाजूने उतरणं म्हणजे उघडउघड गुलामगिरीच्या बाजूने उतरणं होतं. हा परिणाम एका रात्रीत झाला नाही. सुरुवातीला लंडनच्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी लिंकनवर ढोंगाचा आरोप केला, आणि ७ ऑक्टोबरला अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी न्यूकॅसलच्या भाषणात दक्षिणेच्या नेत्यांनी एक राष्ट्र उभं केलंय असं म्हणून खळबळ उडवली. सावरलं ते युद्धमंत्री जॉर्ज कॉर्नवॉल लुइस यांनी. दक्षिणेने स्वातंत्र्य अजून कमावलेलं नाही, मान्यता दिली की युद्ध दाराशी येणार, कॅनडा उघडा पडणार, हे त्यांनी मंत्रिमंडळापुढे टिपण लिहून मांडलं. नोव्हेंबरात फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने संयुक्त मध्यस्थीचा प्रस्ताव पाठवला, तो मंत्रिमंडळाने नाकारला. लुइस यांचं नाव पाठ्यपुस्तकांत सहसा नसतं. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत शहाणपणाने वागलेला मंत्री तोच.

३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिथून लिंकनना गुलाममुक्तीला पाठिंबा देणारं पत्र गेलं. लँकेशायरमधले सगळेच असे नव्हते; नाकेबंदी मोडा म्हणणारेही होते. पण ज्यांचं पोट कापसावर होतं त्यांच्यातल्या मोठ्या गटाने कापसासाठी युद्ध नको म्हटलं. हे मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा आवाज थोडा हलतोच.

वऱ्हाडचा वाटा

आता मुलं ज्याची वाट पाहत असतात ते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं आणि नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं होतं. म्हणजे लढाई पेटली तेव्हा काळ्या मातीचा हा सगळा पट्टा इंग्रजांच्या हाताशी होता. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस अमरावतीवरून ‘ऊमरा’ नावाने ओळखला जाई. हिंगणघाटचा माल तर देशी कापसात पहिल्या प्रतीचा मानत. तरी अमेरिकेच्या मालापुढे त्याचा धागा आखूडच. जिनिंगमधला जुना प्रतवारीवाला चिमटीत रुई धरतो, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ओढतो, पुन्हा जुळवतो, पुन्हा ओढतो आणि उरलेले तंतू कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून लांबी सांगतो. मुलांना मी एकदा ते दाखवायला नेलं होतं. लँकेशायरची यंत्रं लांब धाग्याला जुळवलेली. हिंदुस्थानी कापूस चढवला की धागा तुटायचा, कामगाराची दिवसाची कमाई घटायची. शिवाय गाठीत माती, सरकी, पाणी. भेसळ इतकी माजली की मुंबई सरकारने १८६३ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला.

तरीही माल गेला. लिव्हरपूलला भाव युद्धापूर्वीच्या चौपटीच्या आसपास चढला होता आणि त्या भावात आखूड धागाही सोनं होता. घाट ओलांडून आगगाडी अजून धड आली नव्हती: बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये, आणि नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये. पूर्वी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर मिर्झापूरकडे जाई. आता गाड्यांच्या रांगा मुंबईच्या वाटेला लागल्या. १८६२ मध्ये ब्रिटनला जेवढा काही थोडा कापूस मिळाला, त्यातला अर्ध्याहून कितीतरी जास्त हिंदुस्थानचा होता. इजिप्तनेही भर घातली.

एका मुलीने विचारलं, “सर, मंग आपल्या कापसानं इंग्रजायले लढाईतून वाचवलं, असं लिहू काय पेपरात?” मी म्हटलं, तसं लिहू नकोस. हिंदुस्थानच्या कापसाने गिरण्या पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. त्याने इंग्लंडला थांबायची सवड मिळाली, आणि त्या सवडीत रणांगणावरचं पारडं फिरलं. दुसरी बाजूही होती: ब्रिटनमध्ये त्या वर्षांत पिकं वाईट आली होती आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांचा गहू मोठ्या प्रमाणात येत होता. त्याचं वजन किती धरायचं यावर अभ्यासकांत वाद आहे. मी ते कापसाइतकंच धरतो.

भाव उतरल्यावर

९ एप्रिल १८६५ ला ली शरण आला आणि भाव कोसळला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सट्ट्याचे बादशहा आणि बॅकबेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या त्या तडाख्यात गेल्या. मुंबईची गोष्ट सगळे सांगतात. इकडे काय झालं ते कमी सांगितलं जातं. ज्वारीच्या शेतात कापूस आला होता. मुंबई इलाख्याच्या धर्तीची जमाबंदी याच दशकात वऱ्हाडात आली. सारा रोख, ठरल्या तारखेला. भाव चढता असताना सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता, पुढे तोच दस्त घेऊन दारात आला. सरकारने मात्र कापसाचा पिच्छा सोडला नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक हे कापूस आयुक्त नेमले गेले, हिंगणघाटच्या बियाण्याचा प्रसार झाला, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयोंनी खामगावची रेल्वेशाखा खुली केली. लढाईची निकड संपली, पण तिच्यासाठी घातलेली घडी कायम राहिली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत कापूस खाता येत नाही हे या मुलखाने सोसलं. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे सांगत होतो. ते म्हणाले, “गुरुजी, लढाई त्यायची, भाव त्यायचा. आपल्याले कोनी इचारलं होतं काय?” नव्हतं विचारलं. तटस्थ राहायचा हक्क ब्रिटनला होता, वऱ्हाडला नव्हता.

मग जे उतरले ते का उतरले

याच मोजपट्टीने पहिल्या महायुद्धातले तटस्थ पाहिले की बरंच स्पष्ट होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने तुर्कांसाठी बांधलेल्या दोन युद्धनौका जप्त केल्या. लोकवर्गणी घातलेल्या त्या नौका होत्या. तुर्क रागात असताना जर्मनीने त्यांना ‘गोबेन’ आणि ‘ब्रेस्लाउ’ या आपल्या युद्धनौका देऊ केल्या आणि ऑक्टोबरअखेर त्याच नौका रशियाच्या काळ्या समुद्रातल्या बंदरांवर तोफा डागत होत्या. हे ट्रेंटच्या वळणाचं, फक्त इथे खलिता मऊ करणारा कुणी नव्हता. इटलीने दोन्हीकडे भाव विचारला आणि एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त तहात जास्त मुलूख मिळतोय म्हटल्यावर मे महिन्यात ऑस्ट्रियावर युद्ध पुकारलं. रुमानिया ऑगस्ट १९१६ मध्ये रशियाची सरशी दिसल्यावर उतरला, आणि डिसेंबरात बुखारेस्ट गमावून बसला. जिंकणाऱ्याची बाजू ओळखली असं वाटणं किती महागात पडतं, याला दुसरा दाखला नको.

अमेरिकेचं प्रकरण सर्वांत शिकण्यासारखं, कारण आता ती ब्रिटनच्या जागी होती. दोस्तांशी व्यापार आणि त्यांना दिलेली कर्जं प्रचंड होती, ‘लुसिटानिया’ ही ब्रिटिश प्रवासी बोट मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली, १२८ अमेरिकन मेले, तरी अध्यक्ष विल्सन जवळपास दोन वर्षं थांबले. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांना मोकळीक दिली आणि त्यातच मेक्सिकोला टेक्सासचं आमिष दाखवणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार उघड झाली. मग ६ एप्रिलला युद्ध पुकारलं गेलं. पैशाचे हितसंबंध आधीपासून होते, पण माणसं आणि जहाजं रोज बुडू लागली आणि घरच्या उंबऱ्यावर धमकी आली, तेव्हाच काँग्रेसमध्ये बहुमत झालं.

ली अँटीटमला जिंकला असता तर, असा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो. माझं मत स्पष्ट आहे. ब्रिटन आणि फ्रान्सने ऑक्टोबर १८६२ मध्ये मध्यस्थी सुचवली असती, लिंकननी ती धुडकावली असती, मान्यता दिली गेली असती आणि अटलांटिकवर कुठल्यातरी दुसऱ्या ट्रेंटवरून गोळी सुटली असती. लुइस यांचं टिपण तेव्हा कुणी वाचलं नसतं, आणि अमरावतीहून निघालेल्या कापसाच्या गाड्यांनीही त्यात काही फरक पडला नसता.